‘थर्टीन रीझन्स व्हाय’ आणि एप्रिल २०१७: एका गाजलेल्या पेपरचं वाचन

पीएचडीच्या मुलाखतीत "अलीकडे वाचलेल्या एखाद्या पेपरबद्दल सांगा" हा प्रश्न हमखास येतो. बहुतेक जण सारांश सांगून मोकळे होतात. समितीला सारांशात फारसा रस नसतो. तुम्हाला पेपरशी भांडता येतं का, आणि भांडताना त्याच्यावर अन्याय होत नाही ना, हे त्यांना बघायचं असतं. आज असाच एक पेपर घेऊ. विषय किशोरवयीन मुलांच्या आत्महत्यांचा आहे, त्यामुळे आधीच सांगते: हा विषय ज्यांच्या जवळचा आहे, त्यांनी हे आज वाचलंच पाहिजे असं काही नाही. कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. या विषयावर काम करणाऱ्या संशोधकांनीही तो आपल्या फोनमध्ये ठेवावा, असं माझं मत आहे. रोज असे आकडे वाचणं वाटतं तितकं कोरडं काम नाही.

तर, ३१ मार्च २०१७ ला नेटफ्लिक्सवर ‘थर्टीन रीझन्स व्हाय’ ही मालिका आली. जे ॲशर यांच्या २००७ च्या कादंबरीवर आधारलेली, तेरा भागांची. एक शाळकरी मुलगी जीव देते आणि आपल्या मृत्यूला कोण कोण जबाबदार आहे ते सांगणाऱ्या कॅसेट मागे ठेवून जाते, अशी कथा. मालिका आल्याबरोबर मानसोपचारतज्ज्ञांनी आरडाओरडा सुरू केला. त्याला कारण होतं. आत्महत्येचं चित्रण कसं करू नये याचे जे संकेत जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेत, त्यातले बरेचसे इथे धाब्यावर बसवले होते. पण "हे धोकादायक आहे" असं म्हणणं वेगळं आणि "याने इतके मृत्यू झाले" असं म्हणणं वेगळं.

दुसरं विधान एप्रिल २०१९ मध्ये आलं. जेफ्री ब्रिज आणि सहकाऱ्यांचा पेपर अमेरिकन बाल व किशोर मानसोपचार अकादमीच्या जर्नलमध्ये ऑनलाइन प्रसिद्ध झाला. त्यांनी जानेवारी २०१३ ते डिसेंबर २०१७ अशी पाच वर्षांची महिनावार मृत्यूंची आकडेवारी घेतली. ही सीडीसीची, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेची, कुणालाही मिळू शकणारी आकडेवारी आहे. निष्कर्ष असा: १० ते १७ वयोगटात एप्रिल २०१७ मध्ये आत्महत्येचं प्रमाण अपेक्षेच्या १.२९ पट झालं, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल १.०९ ते १.५३. १८ ते २९ आणि ३० ते ६४ या गटांत असा परिणाम दिसला नाही. शिवाय एप्रिल ते डिसेंबर या नऊ महिन्यांत मिळून १९५ मृत्यू जास्तीचे झाले, असा त्यांचा अंदाज. दुसऱ्या दिवशी जगभरचे मथळे काय असतील ते तुम्ही ओळखलंच असेल. पेपरच्या शीर्षकात ‘असोसिएशन’ हा शब्द होता. मथळ्यांपर्यंत पोचेस्तोवर तो गळून पडला.

पद्धत समजून घेऊ, कारण ही तुम्हाला सगळीकडे भेटणार आहे. हिला इंटरप्टेड टाइम सिरीज म्हणतात. एखादी घटना संपूर्ण देशात एकदम घडली, म्हणजे कायदा आला, लस आली, मालिका आली, तर तुलनेसाठी ‘न घडलेला’ गट उरतच नाही. मग आपण त्याच देशाचा भूतकाळ तुलनेला घेतो. घटनेआधीच्या महिन्यांवरून दोन गोष्टी शिकायच्या: आलेख हळूहळू वर चाललाय की खाली, आणि वर्षातल्या कुठल्या महिन्यात नेहमीच चढउतार होतो. उदाहरणार्थ अमेरिकेत या वयात शाळेच्या उन्हाळी सुट्टीत मृत्यू कमी होतात. एवढं शिकून झालं की पुढचे महिने कसे ‘असायला हवे होते’ याचा अंदाज बांधायचा आणि प्रत्यक्षात काय झालं ते त्याच्याशेजारी ठेवायचं. फरक पडला तर तो घटनेचा. निदान आशा तरी तशी.

आता जरा हातानेच गणित करू. बातम्यांत आणखी एक आकडा आला होता: एप्रिल २०१७ मध्ये या वयोगटातले मृत्यू १९०, म्हणजे लाखात ०.५७. १९० ला १.२९ ने भागलं तर साधारण १४७ येतात. हे झाले अपेक्षित मृत्यू. जास्तीचे साधारण ४३. विरळ घटनांच्या मोजणीत नैसर्गिक चढउतार अपेक्षित संख्येच्या वर्गमुळाइतका धरतात, म्हणजे इथे १२ च्या आसपास. ४३ म्हणजे त्याच्या साडेतीन पट. तेव्हा "हा निव्वळ योगायोग आहे" असं म्हणून हात झटकता येणार नाहीत. त्या एप्रिलमध्ये काहीतरी झालं होतं. माझ्या मते पेपरचा हा भाग भक्कम आहे आणि टीका करणाऱ्यांनी तो आधी मान्य करायला हवा.

पण त्याच कागदावर १९५ चा आकडा तपासा. त्याचा कॉन्फिडन्स इंटरव्हल दिलाय १६८ ते २२२. नऊ महिन्यांत या वयोगटातले अपेक्षित मृत्यू ढोबळ मानाने बाराशेच्या घरात धरा. वर्गमूळ साधारण ३५. म्हणजे बाकी सगळं अचूक माहीत आहे असं धरलं तरी नुसत्या नैसर्गिक चढउतारामुळे अंदाज दोन्ही बाजूंना ७० ने हलायला हवा. इथे तो २७ नेच हलतोय. इतका अरुंद इंटरव्हल दिसला की एकच प्रश्न विचारायचा: यात कुठली अनिश्चितता मोजली आणि कुठली बाहेर ठेवली? मला तरी १९५ हा आकडा त्या थाटात मांडणं पटत नाही. गंमत म्हणजे मथळ्यांना सगळ्यात जास्त हाच आकडा आवडला. टक्केवारीपेक्षा माणसं मोजलेली वाचकाला जवळची वाटतात, आणि म्हणूनच माणसं मोजताना हात जास्त जड ठेवायला हवा.

पुढची अडचण सोप्या नजरेने दिसणारी आहे. मालिकेची नायिका मुलगी. अनुकरणाच्या परिणामाबद्दलचं आजवरचं संशोधन (याला वेर्थर परिणाम म्हणतात, डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ मध्ये नाव दिलं) असं सांगतं की ज्या व्यक्तीशी आपलं साम्य वाटतं तिचा प्रभाव जास्त पडतो. म्हणजे वाढ मुलींमध्ये दिसायला हवी. ब्रिज गटाला ती ठळकपणे मुलांमध्ये दिसली. असं झालं की दोन रस्ते उरतात: एक तर सिद्धांताला धक्का बसला असं म्हणायचं, नाहीतर निकालाला साजेसं स्पष्टीकरण नंतर शोधायचं. दुसरा रस्ता नेहमीच मोकळा असतो, म्हणून तर तो धोक्याचा.

त्याच वर्षी थोमास निडरक्रोटेंथालर आणि सहकाऱ्यांनी ‘जामा सायकियाट्री’मध्ये याच प्रश्नावर पेपर छापला. आकडेवारीचा मूळ स्रोत तोच. पण त्यांनी वय घेतलं १० ते १९, सुरुवात धरली १९९९ पासून, आणि परिणामाचा काळ धरला तीन महिने, एप्रिल ते जून, कारण ट्विटर आणि इन्स्टाग्रामवर मालिकेची चर्चा तेवढ्याच काळात होती. त्यांना एकूण १३.३ टक्के वाढ दिसली. मुलांमध्ये १२.४ टक्के, मुलींमध्ये २१.७ टक्के. म्हणजे प्रमाणाच्या भाषेत मुलींमध्ये जास्त!

इथे थोडं थांबा. जर्नल क्लबमध्ये हे दोन पेपर शेजारी ठेवले की निम्मे लोक म्हणतात, "बघा, दोन स्वतंत्र अभ्यासांत वाढ सापडली, म्हणजे सिद्ध झालं." हे दोन स्वतंत्र अभ्यास नाहीत. मृत्यू तेच आहेत. एकाच परीक्षेचा पेपर दोन सरांनी तपासला, एवढंच. आणि दोघांचे निकाल ज्या बाबतीत वेगळे आले (मुलं की मुली, एक महिना की तीन), ती बाब किरकोळ नाही. कारणाचा माग त्यातूनच लागणार होता. वय १७ ला तोडायचं की १९ ला, भूतकाळ पाच वर्षांचा की अठरा वर्षांचा, हे निर्णय संशोधकाच्या हातात असतात. प्रत्येक निर्णयामागे सांगण्यासारखं कारण असतं. पण आकडे बघण्याआधी निर्णय लिहून ठेवले होते की बघितल्यानंतर घेतले, यावर विश्वास किती ठेवायचा ते ठरतं. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये गाइड "विश्लेषणाचा आराखडा आधी लिही" म्हणून मागे लागतात ना, ते याचसाठी.

२०२० मध्ये डॅनियल रोमर यांनी ‘प्लॉस वन’मध्ये ब्रिज गटाच्या आकडेवारीचं पुन्हा विश्लेषण केलं. मुद्दा ऑटोकोरिलेशनचा. महिने म्हणजे सुट्या नाण्यांच्या फेकी नव्हेत. एका महिन्यात प्रमाण चढलं तर पुढच्यातही चढलेलं राहण्याची शक्यता असते, कारण ज्या कशामुळे ते चढलं ते कॅलेंडरचं पान उलटलं म्हणून संपत नाही. हे लक्षात घेतलं नाही तर साध्या लाटेची धार आपल्याला भिंतीसारखी दिसते. रोमर यांनी हे आणि देशभरातला एकूण वाढता कल हिशेबात धरला. त्यांना मुलांमध्ये एप्रिलमधली वाढ मार्चमधल्या वाढीपेक्षा जास्त आढळली नाही. मार्चमध्ये तर मालिका आलीच नव्हती. मुलींमध्ये परिणाम नाही, नंतरच्या महिन्यांतही नाही.

मार्चचं काय करायचं? मालिकेचा ट्रेलर त्याच महिन्यात फिरत होता, त्यामुळे वाढ तेव्हाच सुरू झाली असेल, असं स्पष्टीकरण मांडलं गेलं. मला हे फार कमकुवत वाटतं. एप्रिलमध्ये वाढ दिसली तर मालिका, मार्चमध्ये दिसली तर ट्रेलर, डिसेंबरमध्ये दिसली तर चर्चा अजून चालू आहे. कुठल्या महिन्यात वाढ दिसली असती तर तुम्ही "आम्ही चुकलो" म्हणाला असता? या प्रश्नाला उत्तर नसेल तर त्या स्पष्टीकरणात दम नाही.

पण रोमर यांनाही असंच सोडायला नको. ब्रिज गटाने ‘प्लॉस वन’मध्येच औपचारिक प्रतिक्रिया दिली: पुनर्विश्लेषणाची मूलभूत तत्त्वंच इथे पाळलेली नाहीत. आक्षेपात तथ्य आहे. पुनर्विश्लेषण करायचं तर आधी मूळ निकाल जसाच्या तसा मिळवून दाखवायचा, मग एकेक गृहीतक बदलत कुठल्या पायरीवर निकाल हलतो ते सांगायचं. एकदम वेगळं मॉडेल बसवलं तर बदललेला निकाल नक्की कशामुळे बदलला, ते वाचकाला कळत नाही. शिवाय दर महिन्याला एक याप्रमाणे पाच वर्षांचे फक्त ६० बिंदू. त्यात कल, ऋतू, ऑटोकोरिलेशन सगळं बसवल्यावर एका महिन्याचा छोटा परिणाम पकडायची ताकद मॉडेलमध्ये किती उरते? "परिणाम सापडला नाही" हे वाक्य "परिणाम नव्हता" असं वाचायचं नाही. रोमर स्वतःही एवढंच म्हणतात की महिनावार एकत्रित आकड्यांवरून मालिकेवर ठपका ठेवणं अवघड आहे. त्यांच्या पेपरची बातमी करणाऱ्यांनी मात्र मालिका निर्दोष सुटल्याचं जाहीर करून टाकलं.

आणि त्या एप्रिलमध्ये आणखी काय काय झालं ते बघा. १९ एप्रिल २०१७ ला ॲरन हर्नांडेझ या नावाजलेल्या माजी फुटबॉलपटूचा तुरुंगात आत्महत्येने मृत्यू झाला आणि अमेरिकेत दिवसेंदिवस तीच बातमी होती. खेळाडू पुरुष. वाढ ठळक दिसली ती मुलांमध्ये. मी असं म्हणत नाहीये की खरं कारण हे आहे. त्यालाही पुरावा तितकाच लंगडा. पण गूगल शोधांवरच्या २०१७ च्या एका अभ्यासात एअर्स आणि सहकाऱ्यांनी आपली आकडेवारी १८ एप्रिललाच थांबवली होती, ती नेमकी या घटनेची भेसळ होऊ नये म्हणून. रोजचे आकडे हातात असले की असं करता येतं. महिन्याचे आकडे असले की सगळा एप्रिल एकाच पातेल्यात.

ब्रिज गटाने खबरदारी म्हणून खुनांची आकडेवारीही तपासली होती, ‘कंट्रोल’ म्हणून. कल्पना चांगली: मालिकेचा खुनांशी संबंध असायचं कारण नाही, तेव्हा तिथेही उसळी दिसली तर गडबड आकड्यांत आहे. पण हा कंट्रोल पकडतो तरी काय? मृत्यूनोंदीत घोळ झाला असता किंवा एकूणच हिंसा वाढली असती, तर तो पकडला गेला असता. एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीचा मृत्यू, किशोरवयीनांमधलं वाढतं नैराश्य, सोशल मीडिया, यांतलं काहीही त्याच्या जाळ्यात येत नाही. कंट्रोल ठेवला होता एवढ्यावर समाधान मानू नका. तो कोणत्या शंकेसाठी ठेवला होता ते विचारा.

मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. २८ एप्रिल २०१७ ला लॉजिक या रॅपरचं एक गाणं आलं. त्याचं शीर्षक म्हणजे अमेरिकेच्या आत्महत्या प्रतिबंध हेल्पलाइनचा फोन नंबर, आणि त्यात एक तरुण मदत मागतो आणि त्याला ती मिळते. डिसेंबर २०२१ मध्ये ‘बीएमजे’त निडरक्रोटेंथालर आणि सहकाऱ्यांनीच दाखवलं की या गाण्याची सर्वाधिक चर्चा असलेल्या ३४ दिवसांत हेल्पलाइनला ९,९१५ फोन जास्त आले, म्हणजे ६.९ टक्के वाढ, आणि १० ते १९ वयोगटात आत्महत्या अपेक्षेपेक्षा २४५ ने कमी झाल्या. हा पेपर सगळ्यांना आवडला. मलाही आवडला. पण मृत्यूंच्या बाबतीत पद्धत जवळपास तीच: देशभरचे एकत्रित आकडे, कालश्रेणीचं मॉडेल, आणि ज्यांचे प्राण वाचले असं म्हणतो त्यांनी गाणं ऐकलं होतं का, याची काहीही माहिती नाही. मालिकेच्या पेपरवर तुटून पडलेले किती जण या पेपरवर तितकेच तुटून पडले? निकाल आवडला की आपली चाळणी मोठ्या भोकांची होते. इथे फोनचा आकडा जमेला आहे, कारण गाण्यातून मदतीपर्यंत जाणारी मधली पायरी तो दाखवतो. म्हणून मी या पेपरला थोडं जास्त वजन देते. फक्त थोडंच.

मधल्या पायरीची हीच उणीव मालिकेच्या दोन्ही पेपरांत आहे. मालिका कुणी पाहिली हे नेटफ्लिक्सला माहीत होतं, मृत्यू कुणाचे झाले हे सीडीसीला. दोन्ही याद्या जोडणारं कुणी नाही. व्यक्तींना विचारून केलेला अभ्यास हवा असेल तर अरेंड्ट आणि सहकाऱ्यांचा २०१९ चा बघा (त्यात रोमरही आहेत). मालिकेचा दुसरा सीझन येण्यापूर्वी आणि नंतर त्याच १८ ते २९ वयाच्या तरुणांना प्रश्न विचारले. सीझन अर्ध्यात सोडणाऱ्यांमध्ये धोक्याची लक्षणं जास्त दिसली; पूर्ण पाहणाऱ्यांमध्ये काही बाबतींत, न पाहणाऱ्यांच्या तुलनेत, उलट कमी. अर्थात, आधीच जे खचलेले होते त्यांनीच सीझन अर्ध्यात सोडला असेल, ही शक्यता अशा अभ्यासात पूर्णपणे पुसता येत नाही. पण एक कळतं: ‘मालिकेचा परिणाम’ असा एकच एक आकडा कदाचित नसेलच. कुणाला ती ओझं झाली असेल, कुणाला बोलायला निमित्त.

मग नेटफ्लिक्सने जुलै २०१९ मध्ये पहिल्या सीझनमधलं ते वादग्रस्त दृश्य काढून टाकलं, ते चूक होतं का? अजिबात नाही. पेपरचा निष्कर्ष मान्य करायला लागणारा पुरावा आणि एक दृश्य काढायला लागणारा पुरावा, यांची उंची सारखी नसते. दृश्य काढण्यात कुणाचं फारसं जात नाही, आणि शंका खरी असेल तर जातं ते कुणाचं तरी मूल. त्याच वेळी घाबरलेल्या आईबाबांना दुसरी बाजूही सांगायला हवी. १.२९ पट हे पूर्ण खरं धरलं तरी त्या महिन्यात वाढ झाली ती लाखात ०.१३ ची, म्हणजे सात-आठ लाख मुलांमागे एक. संपूर्ण देशासाठी हा आकडा भयंकर आहे. पण ‘माझ्या मुलीने ही मालिका पाहिली, आता काय’ या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. तिच्याशी बोलण्यात आहे. आणि थेट विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार शिरतो, या समजुतीला संशोधनात आधार सापडलेला नाही.

तुमच्यापैकी काही जण विचारतील, असा अभ्यास आपल्याकडे करता येईल का? दहावी-बारावीच्या निकालांच्या आसपास आपली वर्तमानपत्रं ज्या पद्धतीने बातम्या देतात, त्याचा परिणाम मोजावा असं कुणालाही वाटेल. अडचण आकड्यांपासूनच सुरू होते. एनसीआरबीचा अहवाल वर्षाचा असतो, वयाचा पहिला गट ‘१८ पेक्षा कमी’ असा अख्खा, आणि ‘विद्यार्थी’ हा व्यवसायाचा रकाना आहे, वयाचा नाही. त्यात २५ वर्षांचा एमपीएससी करणाराही येऊ शकतो. कारणाचा रकाना पोलिसांच्या नोंदीतून भरला जातो आणि एका मृत्यूला एकच कारण. २०२१ मध्ये १८ पेक्षा कमी वयाच्या १०,७३२ मृत्यूंपैकी ८६४ ‘परीक्षेतील अपयश’ या कारणाखाली आहेत. हा आकडा मुलांच्या मनाबद्दल किती सांगतो आणि पंचनामा लिहिणाऱ्याच्या समजुतीबद्दल किती, ते वेगळं करायची सोय नाही. मूळ मोजणीही कमी पडते: २०१० साठी विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये घरोघरी जाऊन केलेल्या मृत्यूचौकशीवरून अंदाज काढला तो सुमारे १,८७,००० चा, आणि त्याच वर्षी एनसीआरबीकडे नोंद होती १,३४,५९९ ची.

ज्यांना याच विषयात शिरायचंय त्यांनी सुरुवात सीडीसीच्या वंडर या संकेतस्थळावरून करावी. आकडे फुकट मिळतात. फार लहान संख्या मात्र ते खाजगीपणासाठी झाकतात, म्हणून राज्यवार किंवा कमी वयाचे तुकडे पाडायला गेलात तर हात रिकामे राहतील. २०१३ ते २०१७ ची १० ते १७ वयाची महिनावार मालिका उतरवा, साधं मॉडेल बसवा, मग २०१७ ऐवजी २०१५ किंवा २०१६ चा एप्रिल ‘घटनेचा महिना’ म्हणून घालून बघा. ज्या वर्षी मालिका नव्हती त्या वर्षीही मॉडेल किती वेळा ‘परिणाम’ दाखवतं, ते मोजा. आरमध्ये दोन संध्याकाळचं काम आहे, आणि मुलाखतीत यावर पंधरा मिनिटं सहज बोलता येतं.